एका दिवसाचा उपसा

जेवणं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही असं थोरलीने ठरवलं होतं. रविवारी दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं हा नियम सासूबाईंनी घातला होता, आणि त्या गेल्यावरही तो मोडायची कोणाची छाती झाली नव्हती. आज मात्र टेबलावर ताटांना जागा नव्हती. नणंदेने, म्हणजे आक्कांनी, खाण कंपनीचा सहाशे पानांचा अहवाल पिशवीतून काढून मधोमध आपटला होता. धाकट्या दिराने वैतागून आपलं ताट मांडीवर घेतलं होतं.

"बुधवारी जनसुनावणी आहे," आक्का म्हणाल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि घरातही पाठीमागे फळा असल्यासारख्याच बोलायच्या. "घरातून कोण बोलणार आणि काय बोलणार ते आज ठरवून टाकू. पाण्याच्या बाबतीत लोक या घराचा शब्द मानतात."

"मग खाण होऊ द्या म्हणून सांग," धाकटा म्हणाला. "ओढ्यापलीकडची आपली जमीन त्यांना रस्त्यासाठी हवी आहे. उद्या माझ्या पोरांनी विचारलं, बाबा, इथे राहून काय करू, तर काय सांगू? काका विहिरी खणतात, काकू चादरी धुते, तुम्ही पण रांगेत लागा?"

"चादरी धुऊनच या घराचे पंचवीस वर्षं दिवे लागलेत," आक्कांनी ऐकवलं.

"नाही कुठे म्हणतोय? पण अहवालात स्वच्छ लिहिलंय ना? खाली कोळसा, वर आपलं पाणी, आणि मध्ये चिकणमातीचा सलग थर. खाणीतलं पाणी कितीही उपसलं तरी वरच्या विहिरींना धक्का नाही. आणि हे काही परक्याने सांगितलेलं नाही. बाराच्या बारा चाचणी बोअरी आपल्या दादाने मारल्यात."

सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. दादा म्हणजे थोरलीचा नवरा. वडिलांनी हाताने विहिरी खणल्या, यांनी बोअरची गाडी घेतली. पंचक्रोशीत कुठेही पाणी लागलं की त्यात या बापलेकांपैकी एकाचा तरी हात असायचा. दादा खाली मान घालून जेवत होते. इतकी मान खाली घालून जेवायची त्यांना सवय नव्हती, आणि तेच थोरलीला सहन झालं नाही.

"अहो," ती म्हणाली, "सात नंबरला चिकणमाती लागली होती का?"

दादांचा घास हातातच राहिला. "हे मध्येच कुठून आलं?"

"अहवालाच्या मागच्या तक्त्यात आहे. काल आक्कांकडून घेऊन धुलाईच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये वाचत बसले होते. सात नंबर, अकरा मीटर चिकणमाती."

"मग लिहिलंय ते असेल."

"मी लिहिलेलं विचारत नाही. लागली होती का, ते विचारतेय."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"जमिनीतलं नाही कळत. कपड्यातलं कळतं." तिचा आवाज चढला नाही. "चिकणमातीचा कपडा तीनदा भिजवावा लागतो. ब्रश मारावा लागतो. तरी शिवणीत पिवळट रेघ राहतेच. एक ते सहा नंबर चालू होते तेव्हा तुमचे आणि तुमच्या माणसांचे कपडे धुऊन माझी मनगटं धरली होती. सातच्या आठवड्यात कपडे आले, झटकले आणि वाळू पडली. यंत्राची जाळी मी दोनदा साफ केली. नऊच्या वेळी पुन्हा तसंच. चिकणमातीतून बोअर मारून माणूस वाळू घेऊन घरी येतो का?"

टेबलाच्या टोकाला तिचे सासरे, आप्पा, बसले होते. वय एक्क्याऐंशी, एक कान पूर्ण गेलेला. त्यांनी चांगला कान पुढे केला आणि तसाच ठेवला.

"वहिनी, घरच्या माणसाला असं चारचौघांत..." धाकटा सुरू झाला.

"चारचौघं कुठे आलेत? आपणच तर आहोत," त्याची बायको, धाकटी, म्हणाली. सहसा ती या टेबलावर वाढण्यापुरतीच बोलायची. ओढ्यापलीकडे तिची रोपवाटिका होती, आणि रोपांशी मात्र ती तासन्‌तास बोलते असं मुलं सांगायची. धाकट्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की एरवी ती उठून आत गेली असती. आज ती बसून राहिली.

"सांग ना दादा," आक्का म्हणाल्या. "कुठेतरी पाणी मुरतंय, नाही का?"

दादांनी ताट सरकवलं. "मी जे पाहिलं ते कच्च्या कागदावर लिहून दिलं. पक्का कागद त्यांचा. गाडीवर दहा माणसं आहेत माझ्या. खाण झाली तर पाणी उपसायच्या चाळीस बोअरी आपल्याला मिळणार आहेत. आता लाँड्रीवालीनेच भूगर्भ शिकवायचा असेल तर शिकवा." ते उठले आणि हात न धुताच बाहेर पडले. अंगणाचं फाटक धाडकन आपटल्याचा आवाज आप्पांनासुद्धा ऐकू गेला.

आक्का आणि धाकटा एकदमच भांडायला लागले. अहवाल खोटा, अहवाल खरा. तू विकला गेलास, तू शाळेबाहेरचं जग पाहिलं नाहीस. आप्पांनी पाण्याचा पेला उचलून टेबलावर दोनदा आपटला.

"भांडून पाणी कळत नसतं," ते म्हणाले. "उपसून कळतं. लाँड्रीमागची खोल बोअर अजून आहे ना?"

थोरली दचकली. ती बोअर गेली पंचवीस वर्षं लोखंडी झाकणाखाली पडून होती. लाँड्री सुरू केली तेव्हा दादांनीच मारली होती, नव्वद मीटर. पाणी काळपट आलं, त्याला वास यायचा, पांढऱ्या चादरी राखाडी व्हायच्या. म्हणून झाकण ठोकून मोकळे झाले आणि जवळच्या विहिरीवर काम भागवलं.

"तिला वरून पंचावन्न मीटर केसिंग आहे," आप्पा म्हणाले. "वरचं पाणी तिच्यात शिरूच शकत नाही. तिच्यात आहे ते कोळशाजवळचं पाणी. दिवसभर तिचा उपसा करा आणि वरच्या विहिरी मोजा. मध्ये चिकणमाती असेल तर विहिरी जागच्या हलणार नाहीत. मग मी स्वतः जाऊन खाणीला हो म्हणेन."

"आणि हलल्या तर?" धाकट्याने विचारलं.

"तर तू काय म्हणशील, ते मला ऐकायचंय."

आक्कांचे डोळे लकाकले. त्यांनी लगेच कागद ओढला. त्या दिवशी कोणीही विहीर वापरायची नाही, म्हणजे वापरामुळे पातळी खालीवर होणार नाही. शाळेच्या विहिरीचं मी बघते, मुलं घरून बाटल्या आणतील. रोपवाटिकेची विहीर कोण मोजणार?

"मी मोजते," धाकटी म्हणाली.

"तू?" धाकटा म्हणाला.

"माझ्याच रोपांचं पाणी आहे ते."

मग सगळ्यांच्या नजरा थोरलीकडे वळल्या, कारण दिवसभर विहीर बंद म्हणजे दिवसभर लाँड्री बंद. सोमवारी पहाटे हॉस्पिटलच्या चादरी येतात, चारशेच्या आसपास. पंचवीस वर्षांत तिने एक सोमवार चुकवला नव्हता. मुलगी झाली त्या आठवड्यातसुद्धा नाही.

"उद्या धुलाई बंद," ती म्हणाली, आणि मनाने कच खायच्या आत हॉस्पिटलच्या मेट्रनला फोन लावायला उठली.

मेट्रनबाईंनी दोनदा तारीख विचारून घेतली. "तू असं आजवर कधी केलं नाहीस."

"म्हणूनच आज मागतेय. परवा दुप्पट देते."

"माझ्याकडे एक दिवसाचा साठा आहे. दोन दिवसांचा नाही, लक्षात ठेव."

संध्याकाळी ती दादांच्या वर्कशॉपमध्ये गेली. गाडी उभी होती, माणसं घरी गेली होती, आणि दादा उलट्या डब्यावर बसून आधीच लखलखीत असलेला एक पाना पुसत होते. तिने त्यांच्या जेवणाचा डबा शेजारी ठेवला. दुपारी ते अर्ध्या पोटी उठले होते.

"मी खोटं लिहिलं नाही," ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे? कंपनीचा साहेब म्हणाला, सगळ्या बोअरींमध्ये थर आहे, दोनच ठिकाणी कसा नसेल, तुमच्या माणसाने नमुना चुकवला असेल. मी म्हटलं, नाही चुकवला. तो हसला. चार दिवसांनी टाइप केलेला कागद आला. वाचला मी. अकरा मीटर, नऊ मीटर. आणि सही केली." त्यांनी पाना ठेवून दिला. "सही माझी आहे. कुणी हात धरून करून घेतलेली नाही."

सत्तावीस वर्षांच्या संसारात या माणसाने कधी तिच्यासमोर चूक कबूल केली नव्हती, साधी दुधाची पिशवी विसरल्याचीसुद्धा नाही. दया आली, रागही आला, आणि दोन्हींतलं काहीच दाखवायचं नव्हतं. म्हणून ती कामाचं बोलली.

"तुम्ही काय करायचं ते मी सांगणार नाही. पण त्या बोअरचं झाकण गंजलंय आणि पंप उतरवायला कप्पी लागेल. सहाला सुरू करायचं तर पाचला झाकण निघायला हवं. धाकट्या भाऊजींच्याने ते होणार नाही, उगीच पाठ धरून बसतील."

दादांनी पाना पुन्हा उचलला. ती थांबली नाही.

पहाटे पाचला ती लाँड्रीमागे गेली, तेव्हा झाकण निघालेलं होतं. बोअरवर उंच लोखंडी तिपाई उभी होती, तिला साखळीची कप्पी लावलेली, आणि दादा पंपाची केबल पाइपला पट्ट्यांनी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. "पाणी सोडायचा पाइप आणखी लांब घ्या," एवढंच म्हणाले. "ओढ्याच्या खालच्या अंगाला जाऊ दे. जवळ सोडलं तर मुरून विहिरीतच परत येईल." हेच आप्पांनी तिला रात्री सांगितलं होतं. तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं.

सहाला पंप सुरू झाला. पाइपच्या तोंडातून आधी गंज आला, मग काळपट पाणी, वासासकट.

लाँड्रीची विहीर तिने आणि आप्पांनी मोजायची होती. टेपच्या टोकाला लोखंडी नट बांधला होता. तो पाण्याला टेकला की टप्‌ आवाज येतो, तेवढ्यात टेप धरायची आणि आकडा लिहायचा. आप्पांना टप्‌ ऐकू येत नव्हता. ते टेपवर दोन बोटं ठेवायचे आणि नट पाण्याला लागला की "हां" म्हणायचे. दोघांचा आकडा एका सेंटिमीटरच्या आत जुळायचा.

सातला काही नाही. आठला काही नाही. धाकटा चहाचा कप घेऊन काठावर आला, आत डोकावला आणि "झालं समाधान?" असं तोंडाने न म्हणता म्हणून गेला. कपड्यांतल्या मूठभर वाळूवरून थोरलीने नवऱ्याला सगळ्यांपुढे उघडं पाडलं होतं. ती वाळू भलतीकडचीच असली तर?

नऊला आप्पांनी "हां" म्हणायला उशीर केला. तिने टेप पाहिली. चार सेंटिमीटर खाली.

"पुन्हा," आप्पा म्हणाले.

पुन्हा चार.

दहाला सात. अकराला बारा. मग ती वर बघायचीच विसरली. अर्ध्या तासाने नट सोडायचा, आकडा लिहायचा, पुन्हा घड्याळाकडे बघायचं. ज्या दगडी कड्यावर रोज पाणी चढलेलं असायचं, ते कडं हळूहळू कोरडं पडत गेलं, आणि त्याच्यावरचं हिरवट शेवाळ उघडं पडलं. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता. तिच्या तोंडचं पाणी पळालं. हा एक पंप, एक दिवस. तिकडे चाळीस बसणार होते.

"मी ही विहीर खणली तेव्हा तू या घरात आली नव्हतीस," आप्पा मध्येच म्हणाले. "खाली दगड लागला, त्याच्या फटीतून पाणी आलं. तेव्हा वाटलं होतं, हे आपलं आपल्यापुरतं पाणी आहे." त्यांनी पुन्हा टेपवर दोन बोटं ठेवली.

दुपारी एकला शाळेच्या विहिरीचा आकडा घेऊन आक्का धावतच आल्या. पाच सेंटिमीटर, आणि उतरतेच आहे. मागोमाग ओढ्यापलीकडून धाकटा आला. बायकोची वही त्याच्या हातात होती.

"आमच्या विहिरीत एक रेघ हललेली नाही," तो म्हणाला. "सकाळपासून मी तिच्या शेजारी उभा आहे. हेही लिहिणार का, फक्त सोयीचं लिहिणार?"

आक्का घुटमळल्या. "लिहिलं तर कंपनीवाले नेमकं त्याच्यावरच बोट ठेवतील. ओढ्यापलीकडचं वेगळं आहे, तिकडे कदाचित थर असेलही..."

"लिहा," थोरली म्हणाली.

"वहिनी, जरा विचार कर."

"केला. आक्का, दोन बोअरींचा आकडा कुणीतरी सोयीने लिहिला, म्हणून तर आज हा उपद्व्याप. आपण तेच केलं तर आपल्या वहीला कोण विचारेल? भाऊजी, तुमच्या हातानेच लिहा. खाली वेळ घाला."

विहिरीच्या काठावर वही टेकवून धाकट्याने सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं. लिहून झाल्यावर परत जायचं सोडून तो तिथेच बसला, आणि पुढची टेप त्याने सोडली.

संध्याकाळी सहाला दादांनी पंप बंद केला. लाँड्रीची विहीर एकोणचाळीस सेंटिमीटर. शाळेची अकरा. रोपवाटिकेची शून्य. दादांनी तिन्ही आकडे उभ्यानेच वाचले, वही मिटली आणि थोरलीच्या हातात दिली. तासाभरात पाणी परत चढायला लागलं, तेही तिने लिहिलं.

बुधवारी सभागृह भरून बाहेर पायऱ्यांवर माणसं बसली होती. सुनावणीच्या अध्यक्ष एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. पाच मिनिटांच्या वर कुणाला बोलू देत नव्हत्या. आक्कांनी साडेचार मिनिटांत सगळं सांगितलं, शून्यासकट.

कंपनीचे अभियंते उठले. आवाज मऊ होता. "या कुटुंबाच्या कळकळीबद्दल मला आदर आहे. पण हा परसातला प्रयोग झाला. टेपला नट बांधून भूजलाचा अभ्यास होत नाही. आमच्याकडे बारा बोअरींचे शास्त्रीय नमुने आहेत, आणि त्यावर याच कुटुंबातल्या माणसाची सही आहे."

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. थोरलीने वळून पाहिलं नाही. तो आवाज कुणाच्या उठण्याचा आहे हे तिला कळलं होतं.

"सही माझी आहे," दादा म्हणाले. "बारा बोअरी मी मारल्या. त्यांपैकी सात आणि नऊ नंबरला चिकणमाती लागलीच नाही. वाळूचा दगड आहे, वरपासून खालपर्यंत. तसं मी कच्च्या कागदावर लिहून दिलं होतं, त्याची प्रत माझ्याकडे आहे. पक्क्या कागदावर वेगळं आलं आणि मी वाचून सही केली. ती चूक माझी. सही मी मागे घेतो."

सभागृहात गलका झाला. अभियंत्यांचा आवाज आता तेवढा मऊ राहिला नाही. "याचा अर्थ तुम्हाला समजतो ना? यापुढे आमचं एकही काम..."

"ते मला सोमवारी पाच वाजताच समजलं," दादा म्हणाले आणि खाली बसले. त्यांच्या मानेवर घाम आला होता. गाडीवरची दहाही माणसं शेजारीच बसली होती. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्याने आपला रुमाल पुढे केला.

अध्यक्षबाईंनी दादांची प्रत मागवून घेतली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहिले. शेजारच्या अधिकाऱ्याशी कुजबुजल्या. मग त्या सभागृहाकडे वळल्या.

"सात आणि नऊ नंबरच्या बोअरी तिसऱ्या कोणाकडून पुन्हा मारल्या जातील. आणि उपशाची चाचणी आमच्या माणसांसमोर पुन्हा होईल. एका दिवसाची नाही, सलग आठ दिवसांची. तोवर परवानगीचा निर्णय थांबेल." टाळ्या वाजायला लागल्या, तेव्हा त्यांनी हात वर केला. "थांबा. पुढचं ऐका. आठ दिवस उपसा झाला आणि तुमचं म्हणणं खरं असलं, तर तुमच्या विहिरी खाली जातील. काही कोरड्याही पडतील. परत कधी भरतील, त्याची हमी मी देऊ शकत नाही. ज्यांच्या विहिरी मोजायच्या, त्यांची लेखी संमती लागेल. निदान दहा विहिरी हव्यात. संमती आली नाही तर चाचणी नाही, आणि आहे तो अहवाल कायम राहील."

टाळ्या विरल्या. माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. कुणाची गुरं होती, कुणाची भाजी होती, कुणाच्या घरात तान्हं मूल होतं. पाणी वाचवायचं म्हणून सगळे आले होते, आणि पाणी घालवायला कोण तयार आहे असं विचारलं जात होतं.

थोरलीच्या डोळ्यांपुढे चादरी आल्या. आठ दिवसांच्या. मेट्रनबाई एक दिवस थांबल्या, आठ दिवस थांबणार नव्हत्या. आठ दिवसांत हॉस्पिटल दुसरी लाँड्री शोधेल, आणि गेलेलं गिऱ्हाईक काही पाण्यासारखं आपोआप परत चढत नाही. लाँड्रीतल्या सहा बायका दाराशी उभ्या होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्यातल्या एकीने हळूच मान हलवली.

थोरली उठली. पुढे जायला तीन पायऱ्या होत्या.

"लाँड्रीची विहीर लिहा."

"बाई, तुमचा धंदाच पाण्याचा आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यात अडवणं नव्हतं, काळजी होती. "आठ दिवस काय कराल?"

"आठ दिवसांचं आम्ही बघू. तुम्ही खाणीच्या चाळीस वर्षांचं बघा."

कारकुनाने अर्ज पुढे सरकवला. तिने सही केली. पेनाला टोपण लावून ते परत दिलं.

"रोपवाटिकेची विहीर," धाकटीचा आवाज आला. ती उठून उभी राहिली होती.

"तुमची तर उतरलीच नव्हती ना?" कारकुनाने विचारलं.

"एका दिवसात नाही उतरली. आठ दिवसांत काय होतंय ते मलाही बघायचंय."

"मालक तुम्हीच?"

"नाही," शेजारून धाकटा म्हणाला. तो बसूनच होता, हाताची घडी घालून. धाकटीचा चेहरा पडला. मग त्याने घडी सोडली, खिशातून पेन काढलं आणि उठता उठता कुरकुरला, "विहीर माझ्या नावावर आहे. सही माझीच लागेल. सरका जरा, वाट द्या."

दोघं नवराबायको पुढे येईपर्यंत त्यांच्या मागे आणखी तिघं उभे राहिले होते. कारकून दुसरा अर्ज शोधत होता.